हार्मोन्स ‘बॅलन्स’ करणाऱ्या गोळ्या, पावडरी, गमीज: मेडिकलच्या काउंटरमागून

औषधवाली

नाशकात माझं मेडिकल आहे. डॉक्टरांची चिठ्ठी नाही, आजाराचं नाव नाही, मोबाइलवरचं रील पुढे धरून “ताई, हे हार्मोनचं मिळेल का?” असं विचारणारी गिऱ्हाइकं आता रोजचीच झालीत. त्यात पाळी चुकणारी कॉलेजची मुलगी असते, अंगातून वाफा येतात म्हणून वैतागलेल्या काकू असतात, आणि आजूबाजूला कोणी नाही ना हे बघून हळूच बोलणारे चाळिशीतले दादाही असतात. तिघांच्या तक्रारी वेगळ्या, पण हातात पडतो तो डबा जवळपास एकच. बायकांचा गुलाबी, पुरुषांचा काळा. अश्वगंधा दोन्हीत. गुलाबीत वर शतावरी, काळ्यात शिलाजीत आणि गोखरू.

थायरॉइड गळ्यात, इन्सुलिन स्वादुपिंडात, कॉर्टिसोल मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींत, इस्ट्रोजेन बीजकोशात, टेस्टोस्टेरॉन वृषणात (बायकांच्या अंगातही ते थोडं बनतंच). यातलं नेमकं काय बिघडलंय आणि का, हे न बघता सगळ्यांना चालणारी पावडर कशी काम करेल, हे मला आजवर कोणत्याही कंपनीच्या प्रतिनिधीने नीट सांगितलेलं नाही.

गोलमोल भाषेमागे कायदाही आहे बरं का. १९५४च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्याप्रमाणे लैंगिक ताकद वाढवतो किंवा पाळीचे विकार बरे करतो अशी औषधाची जाहिरात करता येत नाही. मग डब्यावर ‘सपोर्ट’, ‘वेलनेस’ आणि ‘बॅलन्स’ छापून येतं. डबा उलटा करून बघत जा. अन्नाच्या नावाखाली विकलेला असेल तर एफएसएसएआयचा (केंद्राचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) १४ आकडी परवाना क्रमांक हवा, आयुर्वेदिक औषध असेल तर आयुर्वेद उत्पादनाचा परवाना क्रमांक. दोन्ही नसतील तर जिथून उचलला तिथे ठेवा. आणि नंबर आहे म्हणजे गुण येतोच, असंही नाही. नव्या ॲलोपॅथिक औषधाला विक्रीआधी माणसांवरच्या चाचण्या दाखवाव्या लागतात, तशा या डब्यांना बहुतेक वेळा लागत नाहीत.

कोण काय घेतं, फरक पडला का, लिहा. घरगुतीही चालेल. माझा विरोध सरसकट नाही, पण काही बाबतींत आहे आणि तो पक्का आहे.

निळीशाई

वेळेवर धागा! मला पीसीओएस (बीजकोशांचा तो हार्मोनचा विकार) आहे, वय २७. गायनॅकने मेटफॉर्मिन (मधुमेहात देतात ती गोळी) सांगितलं होतं, पण पोट फार बिघडायचं म्हणून मी ऑनलाइन इनोसिटॉल मागवलं. ४०:१ वालं, म्हणजे त्याचे मायो आणि डी-कायरो हे दोन प्रकार त्या प्रमाणात. पाळी जरा वेळेवर येतेय असं वाटतं. शिवाय मैत्रीण म्हणते पुदिन्याचा चहा पी, हनुवटीवरचे केस कमी होतात. खरंय का?

औषधवाली

@निळीशाई, तू सांगितलेल्या दोन्ही गोष्टींना निदान थोडाफार अभ्यासाचा टेकू आहे.

पीसीओएसमध्ये बऱ्याच जणींना इन्सुलिन दाद देत नाही. शरीर मग ते आणखी ओततं आणि त्या जास्तीच्या इन्सुलिनमुळे बीजकोश पुरुषी हार्मोन जास्त बनवू लागतात. इनोसिटॉल इन्सुलिनच्या पुढच्या निरोपानिरोपीत कामाला येतं, म्हणून ते देऊन बघितलं गेलं. २०२३च्या आंतरराष्ट्रीय पीसीओएस मार्गदर्शिकेचं म्हणणं थोडक्यात असं: इच्छा असेल तर घ्या, फारसा अपाय नाही, साखर-चरबीच्या आकड्यांत सुधारणा होऊ शकते, पण बीज सुटणं, अंगावरचे केस आणि वजन यांत फायद्याचा पुरावा तोकडा आहे. अमुकच प्रकार, तमुकच डोस असंही त्या शिफारशीत नाही. त्यामुळे ४०:१ची जी जादू सांगतात ती जाहिरातीतली समज. पोटाचा घेर आणि केस या दोन गोष्टींसाठी तर त्यांनी मेटफॉर्मिनलाच झुकतं माप दिलंय.

आणि मेटफॉर्मिनने पोट बिघडत होतं तर ते सोडायच्या आधी डॉक्टरांना सांगायचं होतंस. सुरुवात कमी डोसने करून, जेवणाबरोबर, हळूहळू सुटणारी गोळी दिली की बऱ्याच जणींना चालून जातं. रोज बघते.

पुदिन्याचं: एका छोट्या अभ्यासात महिनाभर स्पिअरमिंटचा चहा देऊन मोकळं टेस्टोस्टेरॉन उतरलेलं दिसलं. बायकांना स्वतःला बरं वाटलं, पण डॉक्टरांनी केस मोजले तेव्हा फरक नव्हता. केसाचं चक्रच काही महिन्यांचं असतं, ३० दिवसांत दिसणार तरी काय. आपल्या बाजारातला पुदिना बहुतेक तोच. प्यायचा तर पी, लेझरचे पैसे वाचतील या आशेने नको.

एक मात्र लक्षात ठेव. पाळी तीन महिन्यांच्या वर लांबली तर चहा-पावडर करत बसायचं नाही. गर्भाशयाचं अस्तर साचत राहतं, ते धोक्याचं.

पोह्यात_शेव

माझ्या जावेने सीड सायकलिंग सुरू केलंय. पाळीच्या पहिल्या पंधरवड्यात जवस आणि भोपळ्याच्या बिया, दुसऱ्यात तीळ आणि सूर्यफुलाच्या. फ्रिजवर तक्ता लावलाय. चुकून जवसाच्या दिवशी तिळाची चटणी केली तर घरात शांतता पसरते :)

औषधवाली

हाहा. जवस आणि तिळात लिग्नान असतात, त्यांचा आतड्यातल्या जिवाणूंकडून इस्ट्रोजेनसारखा दिसणारा पदार्थ बनतो, इथवर खरं. पण पंधरवडा बदलला की बी बदलायची, याला धड आधार नाही. जवस भाजून, कुटून खा म्हणावं, अख्खे खाल्ले तर तसेच बाहेर पडतात. आपली जवसाची चटणी त्या दृष्टीने चोख आहे. तक्ता काढला तरी चालेल.

बेंचप्रेस_बंड्या

सगळं नकारात्मकच का लिहिता राव. मी ३८. अश्वगंधा ६०० एमजी, रात्री शिलाजीत, दोन्ही चालू. टेस्टोस्टेरॉन ४१० होतं, तीन महिन्यांत ५२० झालं. रिपोर्ट आहे माझ्याकडे. जिममधल्या अर्ध्या पोरांचा हाच अनुभव आहे. आपल्या ऋषीमुनींनी सांगितलेलं ते खोटं आणि अमेरिकेतली गोळी तेवढी खरी, असं कसं?

स्लाइडखाली

@बंड्या, मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, म्हणून विचारतो. दोन्ही वेळा रक्त किती वाजता दिलंस? टेस्टोस्टेरॉन सकाळी सगळ्यात वर असतं आणि दिवसभर उतरत जातं. म्हणून नमुना सकाळी ७ ते १० मध्ये, उपाशीपोटी घ्यायचा आणि कमी आलं तर दुसऱ्या दिवशी परत बघायचं, अशी पद्धत आहे. ४१० आणि ५२० दोन्ही नॉर्मलच. आमच्याकडे साधारण ३००च्या खाली आलं आणि लक्षणंही असली तर पुढचा विचार होतो. एकाच माणसाचा आकडा आठवड्यात एवढा हलू शकतो, औषध न घेताही.

बेंचप्रेस_बंड्या

पहिला जिमनंतर संध्याकाळी दिला होता. दुसरा सकाळी. पण तरी फरक जाणवतो ना. झोप मस्त लागते, वजन ७ किलो उतरलं, दारू पण सोडली त्याच वेळी.

औषधवाली

मग श्रेय एकट्या अश्वगंधेला का देतोस रे? शिकागो विद्यापीठाने २०११ मध्ये दहा तरुणांना आठवडाभर रोज फक्त पाच तास झोपू दिलं, तर दिवसाचं टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्के पडलं. पोटावरची चरबी टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन करते, ती उतरली की आकडा आपोआप वर येतो. झोप, सात किलो, दारू बंद. या तिघांना डबा येत नाही, एवढंच त्यांचं दुर्दैव.

अश्वगंधेत काहीच नाही असं मी म्हणत नाही. ताण आणि झोप यांवर छोट्या चाचण्यांत फरक दिसलाय. टेस्टोस्टेरॉनचं सांगायचं तर २०१९ला ४० ते ७० वयाच्या, वजन जास्त असलेल्या पुरुषांवर एक अभ्यास झाला, त्यात औषध नसलेल्या दिखाऊ गोळीच्या तुलनेत सुमारे १५ टक्के वाढ दिसली. पण थकवा, उत्साह आणि लैंगिक समाधान यांत दोन गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. कागदावर आकडा चढला, माणूस होता तिथेच. असल्या बऱ्याच चाचण्यांना पैसा अर्क बनवणाऱ्या कंपन्यांचाच असतो, हेही ध्यानात घे.

गोखरूने तर निरोगी पुरुषांत टेस्टोस्टेरॉन वाढल्याचं चाचण्यांत दिसतच नाही. झिंक ज्याला कमी आहे त्याला उपयोगी, बाकीच्यांना नाही. शिलाजीत कच्चं, कुठल्या तरी यात्रेतून आणलेलं असेल तर शिसं-आर्सेनिक पोटात घालून घेशील. कंपनीचं असेल तर त्या बॅचचा जड धातूंचा रिपोर्ट माग.

कोपनहेगनकर

मी डेन्मार्कमध्ये राहते. इथे २०२३ पासून अश्वगंधेवर बंदी आहे. इथल्या तांत्रिक विद्यापीठाने २०२०ला अहवाल दिला होता: थायरॉइड आणि लैंगिक हार्मोन्सवर परिणामाची शंका, गर्भपाताची भीती, आणि सुरक्षित म्हणावी अशी किमान मात्रा ठरवता येत नाही. सासूबाई येताना च्यवनप्राश आणतात, काही ब्रँडांत अश्वगंधा असते. मी आधी डब्यावरची यादी व्हॉट्सॲपवर मागवते, मगच बॅग भरायची परवानगी :) इथल्या मैत्रिणींना मात्र पटत नाही की आमच्याकडे ही घरोघरी असते.

वैद्यबुवा

नमस्कार. साताऱ्यात आयुर्वेदाची प्रॅक्टिस करतो. दोन्ही बाजूंना थोडं बोलतो.

डेन्मार्कच्या अहवालावर आमच्याकडच्यांचा आक्षेप असा की मूळ, पान, वेगवेगळे अर्क यांची त्यात सरमिसळ आहे. ग्रंथांत मूळ सांगितलंय. पान स्वस्त पडतं म्हणून काही उत्पादक तेही घालू लागले, तेव्हा २०२१ मध्ये आयुष मंत्रालयाने पानं वापरू नका असं कळवलं. पानात विदाफेरिन-ए हे उग्र द्रव्य जास्त असतं. तेव्हा डब्यावर नुसतं ‘अश्वगंधा’ असेल, मूळ की पंचांग (मुळापासून फळापर्यंत अख्खी वनस्पती) ते लिहिलेलं नसेल, तर घेऊ नका.

आता बंड्या यांच्या मुद्द्याकडे. ऋषीमुनींनी अश्वगंधा सांगितली, पण सरसकट सर्वांना, वर्षभर, दारासिंगच्या डोसने सांगितलेली नाही. दुधातून, तुपातून, ठरावीक काळ, प्रकृती आणि अग्नी बघून. ज्याला जेवण पचत नाही त्याला मी अश्वगंधा देतच नाही. चूर्ण आणि दहापट घट्ट केलेला अर्क या एक गोष्टी नव्हेत. अर्काची गोळी घेऊन परंपरेचा दाखला देणं मला पटत नाही.

बायकांच्या बाबतीत अशोकारिष्टाबद्दल. सोसायटीच्या कंपाउंडला उंच, सरळसोट लावतात तो अशोक औषधातला नव्हे. औषधातला सीतेचा अशोक, केशरी-लाल फुलांच्या गुच्छांचा. खऱ्या अशोकाची साल दुर्मिळ झाली आहे आणि बाजारात त्या उंच झाडाची साल मिसळली जाते, हे या धंद्यातलं उघड गुपित. शिवाय अरिष्ट म्हणजे त्यात आपोआप तयार झालेलं मद्य, लेबलवर ५ ते १० टक्के असं असतंच. यकृताचा त्रास असणाऱ्यांनी विचारून घ्यावं.

वऱ्हाडी_ठेचा

वैद्यबुवा, झाडाची गोष्ट निघालीच तर मुसळीचंबी सांगा ना. आमच्या भागात सफेद मुसळीची लय हवा झाली होती. कंद विकणारीबी कंपनी तीच, माल घेतो म्हणणारीबी तीच. बाबांनं दोन एकर लावली. काढणी झाली, सोलून वाळवून ठेवली, अन् मंग कंपनीचा फोनच लागेना. मुसळीनं कोणाची ताकद वाढली मले मालूम नाही, आमच्या घरची तर गेली.

वैद्यबुवा

वाईट वाटलं वाचून. अनेकांचं तसं झालं. मुसळी वृष्य (कामशक्ती वाढवणारी) म्हणून सांगितली जाते, बल्य (ताकद देणारी) आहे. माणसांतला चाचण्यांचा पुरावा विचाराल तर फारच थोडा. गंमत म्हणजे तिचं शास्त्रीय नाव क्लोरोफायटम बोरिव्हिलियानम, बोरिवलीवरून ठेवलेलं. आणि हिचीच कोवळी पानं पावसाळ्यात ठाणे-पालघरच्या बाजारात फोडशी म्हणून भाजीला येतात. कंदाची पावडर हजारोंनी घेणाऱ्याला सांगितलं की याची भाजी आदिवासी बायका जुडीने विकतात, तर त्याचा विश्वास बसत नाही.

स्लाइडखाली

आता मला एक गोष्ट सविस्तर लिहायची आहे, कारण हार्मोनच्या रिपोर्टांचा खरा घोळ इथे होतो. बायोटिन. केस, नखं आणि त्वचेच्या गमीज.

एक बाई आल्या. टीएसएच (मेंदूचा थायरॉइडला ‘काम कर’ असा निरोप) जवळजवळ शून्य, टी-४ (थायरॉइडचं हार्मोन) वर. रिपोर्ट बघून कोणीही म्हणेल थायरॉइड जोरात आहे. पण बाईंची नाडी शांत, हाताला कंप नाही, वजन उलट वाढलेलं. थायरॉइडची गोळी चालू नाही. चित्र जुळेना म्हणून आमच्या मॅडमनी फोन करून विचारलं, काय काय खाता? केसांसाठी बायोटिन, १०,००० मायक्रोग्रॅम. दिवसाची गरज ३०ची.

होतं असं. अनेक किटमध्ये बायोटिन आणि स्ट्रेप्टाव्हिडिन या जोडीचा वापर करून अँटिबॉडी धरून ठेवतात, कारण ती जोडी फार घट्ट बसते. रक्तात बायोटिनचा पूर असेल तर ते स्ट्रेप्टाव्हिडिनच्या सगळ्या जागा आधीच अडवतं, विनातिकीट प्रवासी रिझर्व्हेशनच्या डब्यात बसावेत तसं. खऱ्या तिकीटवाल्याला जागा नाही, मशीनला मिळायचा तो सिग्नल पडतो. टीएसएचच्या किटमध्ये सिग्नल पडला की आकडा कमी निघतो. मोकळ्या टी-४ची रचना उलटी, तिथे सिग्नल पडला की आकडा जास्त निघतो. दोन्ही मिळून हुबेहूब अतिथायरॉइड. बाईंनी गमीज थांबवल्या, पुन्हा रक्त दिलं, दोन्ही आकडे जागेवर.

हेच एफएसएच, एलएच (मेंदूकडून बीजकोश-वृषणांना जाणारे निरोप), टेस्टोस्टेरॉन, प्रोलॅक्टिन या सगळ्यांत होऊ शकतं. म्हणजे हार्मोन सुधारावेत म्हणून जो डबा घेतला, त्यातलं बायोटिन हार्मोनचाच रिपोर्ट बिघडवतं. अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्ये यावर इशारा दिला. हृदयाच्या झटक्यासाठी बघतात ते ट्रोपोनिनही यामुळे खोटं कमी येऊ शकतं आणि त्यात एक मृत्यू झाल्याची नोंद त्यांनी केली होती. सगळ्याच किटना हा त्रास नाही, नव्या किटमध्ये सुधारणा झाल्यात. पण तुमच्या लॅबचं किट कोणतं ते तुम्हाला कसं कळणार? तेव्हा रक्त देण्याआधी किमान दोन दिवस बंद, डोस मोठा असेल तर आठवडाभर, आणि फॉर्मवर लिहा काय घेताय ते. फॉर्मवर ती जागा नसते, कोपऱ्यात लिहा.

निळीशाई

बाप रे. माझ्या ‘पीसीओएस मल्टी’मध्ये बायोटिन आहे. आत्ता डबा उलटा करून बघितलं.

ठोकळा

@स्लाइडखाली, या प्रतिसादाला शंभर वेळा +१. प्रिंट काढून आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये लावतोय.

उंबरठ्यावर

माझं वय ४९. दीड वर्षापूर्वी पाळी गेली. वाफा, रात्री घामाने उशी ओली, चिडचिड. धाकटी बहीण म्हणते सोया खा, शेजारीण म्हणते शतावरी कल्प घे, मुलगी अमेरिकेहून ब्लॅक कोहोश नावाचं काहीतरी पाठवतेय. एचआरटीचं (पाळी गेल्यावर देतात त्या हार्मोनच्या औषधांचं) नाव काढलं की सगळे कॅन्सर कॅन्सर करतात. आणि सांगायला थोडं अवघड वाटतं, पण मागच्या महिन्यात दोन दिवस थोडं लाल गेलं. उष्णता असेल म्हणून दूर्वांचा रस घेतला. थांबलं.

औषधवाली

काकू, बाकी सगळं बाजूला ठेवते, आधी शेवटचं. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर एक ठिपकादेखील गेला तरी तो उष्णतेचा धरायचा नाही. या आठवड्यात गायनॅककडे जा. सोनोग्राफीत अस्तराची जाडी बघतात, लागलं तर तुकडा काढून तपासतात. बहुतेक वेळा साधं कारण निघतं, पण जे निघू नये ते असेल तर अगदी सुरुवातीला सापडतं. रस घेऊन थांबलं यात समाधान मानू नका. आणि तपासणी होईपर्यंत इस्ट्रोजेनसारखं काम करतं म्हणून विकलं जाणारं काहीही नको.

वाफांचं सांगायचं तर २०२३ला उत्तर अमेरिकेच्या मेनोपॉज सोसायटीने हार्मोनविरहित उपायांचा आढावा घेतला. त्यात ब्लॅक कोहोश, सोयाचे अर्क, प्रिमरोज तेल यांची शिफारस केलेली नाही. चालतात त्यांत वजन उतरवणं, एका विशिष्ट प्रकारचं समुपदेशन, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची काही औषधं. ब्लॅक कोहोशवर तर यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, मुलीला पाठवू नको म्हणा. जेवणातला सोया चालेल, थोडा फरक पडला तर पडला.

शतावरी कल्प मी विकते, म्हणून स्पष्टच सांगते: लेबलवर बघा, साखर किती आहे ते. बाळंतिणीला दुधातून चमचाभर देतात त्याला माझी हरकत नाही, पण मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या बाईने हार्मोनसाठी म्हणून दोन-दोन चमचे दोनदा घेणं म्हणजे कठीण आहे. घ्यायचीच तर शतावरीचं साधं चूर्ण.

एचआरटीची भीती २००२च्या अमेरिकी अभ्यासापासून बसली. त्या अभ्यासातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. पाळी जाऊन दहा वर्षं झालेली नाहीत आणि वय साठच्या आत आहे, अशा बाईचं गणित वेगळं असतं. तुम्हाला चालेल की नाही हे तपासणीनंतर डॉक्टरच सांगतील, पण विचारायला घाबरू नका.

वैद्यबुवा

उंबरठ्यावर ताई, औषधवालींशी पूर्ण सहमत. माझ्याकडे अशी रुग्ण आली तर मीही आधी सोनोग्राफी करून या म्हणतो, मग काढा. दूर्वा वाईट नाहीत, फक्त निदान त्यांचं काम नव्हे.

उंबरठ्यावर

उद्याची अपॉइंटमेंट घेतली. आभार दोघांचे.

पोह्यात_शेव

सोयाबद्दल मध्येच विचारते. नवरा सोया चंक्सना हात लावत नाही. म्हणतो पुरुषांना छाती येते.

औषधवाली

२०२१ला अनेक चाचण्या एकत्र करून बघितल्या, पुरुषांच्या टेस्टोस्टेरॉनवर आणि इस्ट्रोजेनवर सोयाचा परिणाम दिसला नाही. लातूरच्या बाजूला पिकवायचा आपणच आणि घाबरायचंही आपणच. ज्यांना थायरॉइडची गोळी चालू आहे त्यांनी मात्र सोया आणि गोळी यांत अंतर ठेवावं, शोषण कमी होतं. तेच कॅल्शियम, लोह आणि अँटासिडचं: थायरॉक्सिन सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर, अर्ध्या-पाऊण तासाने चहा, आणि कॅल्शियम-लोहाच्या गोळ्या चार तासांनी. गोळी वाढवून वाढवून टीएसएच उतरत नाही अशा बायकांत निम्म्याजणी गोळी चहाबरोबर घेत असतात, असा माझा अंदाज आहे.

थायरॉक्सिन चालू असताना अश्वगंधा तर अजिबात मनाने नको. ती थायरॉइड हार्मोन वर नेते असं दिसलंय, वर गोळी आहेच, मग छाती धडधडायला लागते आणि आपण ईसीजी काढत बसतो. गरोदर असाल, यकृताचा त्रास असेल तरी नको. डोळे पिवळे, लघवी गडद, अंगाला खाज, असं काही झालं तर आधी डबा बंद करा, मग डॉक्टरांकडे जा, आणि डबा बरोबर न्या. कोविडच्या काळात मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेलीमुळे यकृत बिघडलेले रुग्ण नोंदवले होते, त्यावर वादही बराच झाला. ‘नैसर्गिक आहे, त्याने काय होतंय’ हे वाक्य मला काउंटरवर नको असतं.

व्हिटॅमिन डीची ६०,०००ची पुडीही त्यातलीच. आठवड्याला एक, आठ आठवडे असं लिहून दिलेलं असतं. लोक वर्षभर दुधात घालून पितात, काही महाभाग रोज. कॅल्शियम चढून उलट्या आणि मूतखडा घेऊन येतात.

साधा_माणूस

फक्त वाचणारा होतो, पहिल्यांदाच लिहितोय. वय ३३. लग्नाला तीन वर्षं, मूल होत नाही. बायकोच्या सगळ्या तपासण्या झाल्या, नॉर्मल. मी जिमला जातो. तिथल्या एकाने टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं दिली, सहा-आठ महिने घेतोय. मी समजत होतो याने उलट फायदाच होईल. आता कौंचबीज आणि अश्वगंधा चालू करू का?

औषधवाली

दादा, लिहिलंत हे बरं केलंत. बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की मेंदूला वाटतं अंगात भरपूर आहे. तो वृषणांना निरोप पाठवणं थांबवतो आणि शुक्राणू बनणं जवळजवळ बंद पडतं. दंड फुगतात आणि वीर्याच्या तपासणीत शून्य येतं, असं घडतं. बहुतेकांचं इंजेक्शन बंद केल्यावर परत येतं, पण काही महिने जातात, कधी वर्षाच्या वर. स्वतःच्या मनाने एकदम सोडू नका आणि जिमवाल्याच्या ‘पीसीटी’च्या (इंजेक्शनच्या कोर्सनंतर म्हणून देतात त्या) गोळ्याही घेऊ नका. एंडोक्रायनॉलॉजिस्ट किंवा पुरुष-वंध्यत्व बघणारा युरॉलॉजिस्ट गाठा, वीर्याची तपासणी, एफएसएच, एलएच, सकाळचं टेस्टोस्टेरॉन एवढं करा. इंजेक्शनचं खरं खरं सांगा.

कौंचबीजात लेव्होडोपा असतं, पार्किन्सनच्या गोळीत असतं तेच. तुमचा अडथळा त्याने सुटणारा नाही.

आणि दुकानात पुडी बदलून ‘हर्बल’ म्हणून विकतात त्या ताकदीच्या गोळ्या चुकूनही नको. अशा गोळ्यांत सिल्डेनाफिल मिसळलेलं अनेकदा पकडलं गेलंय. छातीच्या दुखण्यावर सॉर्बिट्रेट घेणाऱ्या माणसाने नकळत ती घेतली तर बीपी एकदम कोसळतं. वडील, काका कोणी घेत असतील तर त्यांनाही सांगा.

बेंचप्रेस_बंड्या

@साधा_माणूस, भाऊ इंजेक्शन वेगळं आणि आयुर्वेद वेगळं, दोन्ही एका पारड्यात टाकू नको. माझं अश्वगंधेचं मत बदललेलं नाही. पण इंजेक्शनबद्दल ताई म्हणतात ते खरं आहे, आमच्या जिममध्ये दोघांचं असंच झालंय, बोलत कोणी नाही. व्यनि (खाजगी निरोप) कर, ते ज्या डॉक्टरकडे गेले त्यांचं नाव देतो.

वैद्यबुवा

आणि पत्नीला उगाच गर्भस्थापनेची पाच-दहा औषधं पाजणं आजपासून बंद करा. दोघांनी एकत्र जा.

निळीशाई

ताई, मल्टी बंद केलं. पुढच्या सोमवारी सकाळी उपाशीपोटी रक्त देते, तोवर आठवडा होईल. मेटफॉर्मिनचं पण डॉक्टरांशी परत बोलणार आहे. रक्ताबरोबर आणखी काही बघायला सांगू का?

औषधवाली

एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) नसेल झालं तर ते, टीएसएच, आणि मेटफॉर्मिन परत सुरू होणार असेल तर आत्ताचं बी-१२ बघून ठेव. ते गोळीने हळूहळू उतरतं. फॉर्मच्या कोपऱ्यात इनोसिटॉल आणि बायोटिन दोन्ही लिही.